सहा महिन्यांत दुसऱ्यांदा ब्लोअरचा रेझिस्टर गेला, आता काय?

तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडतो. गाडी २०१४ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, रोज वारज्याहून हिंजवडी. ब्लोअर, म्हणजे केबिनमध्ये हवा ढकलणारा पंखा, १, २, ३ वर चालत नाही, फक्त ४ वर चालतो. गेल्या आठवड्यापासून ४ वरही त्याची मर्जी असेल तरच चालतो, आणि ग्लोव्ह बॉक्सच्या खाली एक ठोसा दिला की सुरू होतो. सहा महिन्यांपूर्वी एका गॅरेजात रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी करणारा तुकडा) बदलला, तेव्हा सगळं ठीक झालं होतं. आता तेच गॅरेज म्हणतंय की डॅशबोर्ड उतरवून पूर्ण युनिट बदलावं लागेल. आणि तुम्हाला डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरला जायचंय, सोबत आई आहेत, म्हणून हीटर हवाय.

तुम्ही विचारलंय, रेझिस्टर पुन्हा बदलू की युनिट? माझं उत्तर आहे, अजून काहीच विकत घेऊ नका. नवा रेझिस्टर सहा महिन्यांत कशाने मेला ते आधी शोधायचं. ते न शोधता तिसरा बसवलात तर तोही जाईल, आणि युनिट बदललंत तर दहा रुपयांच्या जळक्या पिनेपायी हजारो रुपये घालवाल. सिंहगड रोडला बावीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय, त्यातली पहिली चार-पाच वर्षं मीही फक्त रेझिस्टरच बदलत होतो, म्हणून हे ठासून सांगतोय.

एक गोष्ट आधी. हीटर आणि एसी यांचा ब्लोअर एकच असतो. हीटरची ऊब इंजिनाच्या गरम कूलंटमधून येते, ब्लोअर फक्त हवा ढकलतो. त्यामुळे ब्लोअर व्यवस्थित चालतोय पण हवा गार येतेय अशी तक्रार असेल, तर तो थर्मोस्टॅट, कूलंट किंवा आतल्या फ्लॅपचा विषय, इथे नको. पुण्यात हीटर कशाला म्हणून लोक हसतात, पण ब्लोअर खरा लागतो तो जुलैत ताम्हिणीत. समोरची काच आतून धुरकटली आणि हवा नसेल, तर पुढचा ट्रक दिसत नाही. तेव्हा हे काम डिसेंबरापुरतं समजू नका.

आता आत काय चालतं ते बघू, म्हणजे तुमची लक्षणं तुम्हालाच वाचता येतील. साध्या नॉबवाल्या गाडीत मोटर एकच, वेगही खरं तर एकच. मोटरच्या रस्त्यात तारेच्या वेटोळ्यांचा एक छोटा तुकडा असतो, तो रेझिस्टर. १ वर करंट सगळ्या वेटोळ्यांतून जातो, २ वर कमी, ३ वर आणखी कमी, आणि ४ वर रेझिस्टरला वळसा घालून थेट. या वेटोळ्यांच्या वाटेवर एक थर्मल फ्यूज असतो. जास्त तापला की तो उडतो, आणि १, २, ३ एकदम जातात. म्हणून फक्त ४ चालतंय म्हटलं की रेझिस्टर, हे गॅरेजचं निदान चूक नव्हतं. अर्धवट होतं. (उलट प्रकार असेल, म्हणजे १, २, ३ चालतात आणि ४ नाही, तर रेझिस्टरला हातही लावू नका. नॉबच्या मागचा स्विच, त्याची वायर किंवा काही गाड्यांत हाय स्पीडचा वेगळा रिले (करंट जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच) बघा. आणि चारही बंद असतील तर आधी फ्यूज, मग रिले, मग बाकीचं.)

पण तुमच्याकडे दुसरं लक्षण जास्त बोलकं आहे: ठोसा. रेझिस्टर ठोसा खाऊन सुधारत नाही. ४ वर तो वाटेतच नसतो. ठोशाने जागी होते ती एक तर थकलेली मोटर, म्हणजे तिचा कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारा तुकडा) झिजलाय किंवा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बाही) कोरडा पडून ती अडकतेय, नाही तर सैल झालेला कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट. म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड दोन आहेत आणि माझ्या अंदाजाने दुसऱ्यानेच पहिल्याला मारलंय.

कसं ते सांगतो. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि करंटला आवर घालते. अडकली की तो आवर जातो. समजा १ वर रेझिस्टर अडीच ओमचा आहे. मोटर फिरत असताना अडीच अँपिअर गेला, तर रेझिस्टरमध्ये साधारण सोळा वॅटची उष्णता. मोटर जाम असेल तर करंट साडेचारच्या आसपास जातो आणि उष्णता पन्नास वॅटवर. वर रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यात बसवलेला असतो, वाऱ्यानेच तो थंड राहतो. मोटर अडकली म्हणजे तो वाराही बंद. तिप्पट आच आणि वर पंखा बंद, कोण टिकेल?

म्हणून गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न विचारतो: सकाळी गाडी काढताना ब्लोअर १ वर ठेवायची सवय आहे का? कोरड्या पडलेल्या बुशची मोटर थंडीत १ वर उचलत नाही. आवाज येत नाही, तुमच्याही लक्षात येत नाही, रेडिओ चालू असतो. दहा मिनिटांनी ‘हवा का येत नाही’ म्हणून नॉब ४ वर नेता आणि ती सुरू होते. तोवर आत रेझिस्टर भाजून निघालेला असतो. तुमचं उत्तर ‘हो’ असेल तर निम्मं निदान इथेच झालं.

रेझिस्टर मरायची दुसरी कारणं म्हणजे वाऱ्याची वाट बंद होणं आणि कपलर जळणं. केबिन फिल्टर चोंदला की मोटरवर लोड येऊन ती जळते असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. या पिंजऱ्यासारख्या फॅनची हवा अडवली की मोटर उलट हलकी होते, आवाज चढतो, करंट उतरतो. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर हात ठेवून बघा. नुकसान होतं ते रेझिस्टरचं, कारण त्याच्यावरून जाणारा वारा कमी होतो.

कपलरबद्दल मात्र जरा थांबून बोलतो, कारण इथेच माझी फजिती झाली होती. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका डॉक्टरीणबाईंची गाडी दर सहा-आठ महिन्यांनी रेझिस्टरला यायची. मी दोनदा बदलला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, ‘अहो, पेशंटचा ताप दर महिन्याला परत आला तर मी नुसती क्रोसिन देत बसते का?’ मग मी पहिल्यांदा कपलर हातात घेऊन उजेडात नीट पाहिला. पांढऱ्या प्लास्टिकची एक पिनेची खिडकी तपकिरी होऊन वितळलेली, आतली पितळी पिन काळी पडलेली आणि तिची पकड गेलेली. नवा रेझिस्टर मी दर वेळी त्याच जळक्या कपलरात ठोकत होतो.

हिशेब सोपा आहे. ४ वर बारा अँपिअर वाहतोय आणि सैल पिनेचा अवरोध ०.१ ओम, एवढाच धरा. बारा गुणिले बारा गुणिले ०.१, म्हणजे चौदा वॅटहून जास्त उष्णता त्या एका पिनेत. माझी सोल्डरिंगची इस्त्री पंचवीस वॅटची आहे. तिच्या निम्म्याहून जास्त ताकद तुमच्या डॅशबोर्डमागे प्लास्टिकच्या खिडकीत जळत बसलीय असं समजा.

आता तपासणी. निम्मी तुम्ही घरी करू शकता. बॅटरीची निगेटिव्ह काढा, ग्लोव्ह बॉक्स उतरवा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतो. पिवळा कपलर दिसला तर त्याला हात लावायचा नाही, तो एअरबॅगचा.

आधी नाक वापरा. जळक्या प्लास्टिकचा वास कपलरजवळ येतो का बघा. मग रेझिस्टरचा आणि मोटरचा, दोन्ही कपलर काढून पिना एकेक करून पाहा. मग मोटरचे स्क्रू काढून ती खाली उतरवा, बहुतेक गाड्यांत तीन असतात. फॅन हाताने फिरवा. थोडं अडखळत फिरतो, ते आतल्या चुंबकांमुळे, त्याची काळजी नको. पण सोडल्यावर दोन-चार फेरे स्वतःहून घ्यायला हवेत. लगेच थांबला, खरखरला किंवा शाफ्ट आडवा हलतोय असं वाटलं, तर बुश संपलाय.

मोटर बाहेर आली की ती बसते त्या पोकळीत हात घालून बघा. गाडी गुलमोहराखाली किंवा रेन ट्रीखाली उभी राहत असेल तर ती बारीक पानं वायपरखालच्या जाळीतून सरळ आत येतात. धायरीच्या एका सोसायटीतल्या गाडीत मला ओंजळभर पानं, सीटच्या फोमचा भुगा आणि शेंगांची टरफलं सापडली होती. उंदीरमामांचा संसार. मालकाची तक्रार होती, ‘तीनवर टकटक वाजतंय.’ टरफल फॅनला लागत होतं, बाकी काही नाही. मात्र त्याच पानांचा थर रेझिस्टरच्या वेटोळ्यांवर बसला की वारा अडतो, आणि वाळलेली पानं तापत्या तारेवर बरी नव्हेत हे वेगळं सांगायला नको.

पुढची चाचणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, किंवा हाताला सवय असेल तर स्वतः करा. एकट्या मल्टीमीटरवर विश्वास ठेवू नका. जळक्या पिनेतूनही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. नळाला पाणी आहे की नाही हे थेंबावरून ठरवण्यासारखं ते. मी जुन्या हेडलाइटच्या बल्बला दोन वायरी जोडून ठेवल्यात. मोटरचा कपलर काढायचा, मोटरच्या जागी बल्ब लावायचा, बॅटरी जोडून किल्ली ऑन, नॉब ४ वर. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग, फ्यूज, रिले, अर्थ (करंट गाडीच्या बॉडीकडे परत नेणारी वायर) सगळं चाळीस-पन्नास वॅट वाहून नेतंय, म्हणजे दोष मोटरचा. मिणमिणला, लुकलुकला, तर मोटर निर्दोष असू शकते आणि मधे कुठेतरी करंट अडतोय. नॉब आणि वायर हलवत बल्बकडे बघत राहा, जागा स्वतः बोलते. फार वेळ पेटवू नका, काच चांगलीच तापते, पायाखालच्या मॅटवर ठेवू नका. १, २, ३ वर तर दहा सेकंदांपेक्षा जास्त नकोच, कारण मोटर बंद म्हणजे रेझिस्टरला वारा नाही.

एक फसगत सांगून ठेवतो. बऱ्याच गाड्यांत प्लस थेट मोटरला मिळतो आणि नॉब, रेझिस्टर अर्थच्या बाजूला असतात. मीटरची काळी पिन बॉडीला लावून मोजलंत तर नॉब बंद असतानाही मोटरच्या दोन्ही वायरींवर बारा व्होल्ट दिसतात. नवी पोरं इथे ‘शॉर्ट आहे’ म्हणून वायरिंग फाडायला घेतात. मोटरच्या दोन पिनांमध्येच मोजा. इंजिन चालू, मोटर जोडलेली, नॉब ४ वर. बॅटरीवर १४ असतील तर मोटरवर १३च्या आसपास मिळायला हवेत. ११ मिळाले तर तीन व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय, आणि जो खातोय तो तापतोय.

करंट मोजायचा तर डीसी क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती पकडायच्या मीटरने. साध्या मल्टीमीटरची दहा अँपिअरची हद्द असते, मधे जोडलात तर त्याचाच फ्यूज उडेल. छोट्या गाडीची निरोगी मोटर फुल स्पीडला मला साधारण आठ ते चौदा अँपिअर दाखवते. गाडीगणिक फरक पडतो, त्यामुळे आकड्यापेक्षा तो स्थिर आहे का ते बघतो. काटा नाचतोय, मधेच शून्यावर येतोय, म्हणजे ब्रश.

ब्रश किती झिजतात ते पाहायचं तर मोटर वर्तमानपत्रावर उघडावी लागते. टोपण काढलं की काळी पूड पडते, काजळीसारखी. चांगला ब्रश बोटाच्या पेराएवढा नसला तरी त्याला अंग असतं. ठोसा खाऊन चालणाऱ्या मोटरीत तो तीन-चार मिलीमीटरचा खडा उरलेला असतो, मागची स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही, आणि कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश घासतो त्या तांब्याच्या गोल भागावर, त्याने नखाला लागेल अशी खाच पाडलेली असते. ठोशाने तो खडा किंचित पुढे सरकतो. म्हणून चालते, आणि म्हणूनच पुढच्या आठवड्यात जरा जोरात मारावं लागतं.

नवे ब्रश टाकता येतात का? येतात, नाना पेठेत शोधलं तर मिळून जातात. पण खाच पडलेल्या कम्युटेटरवर नवे ब्रश लवकर झिजतात आणि उघडलेली मोटर बॅलन्समध्ये परत बसेलच असं नाही, मग गुणगुण सुरू होते. गाडी विकायची असेल तर करा. तुम्ही ठेवणार आहात, नवी मोटर टाका. भंगारातली घ्यायची वेळ आली तर हातात फिरवून, दुकानातच बॅटरीवर चालवून, शाफ्ट हलवून घ्या. आणि कुणी कोरड्या बुशवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ‘झालं’ म्हटलं, तर दोन आठवडे छान चालेल. तो स्प्रे वाहत कम्युटेटरवर जातो, कार्बनच्या पुडीत मिसळून चिखल होतो.

मोटर गंजलेली निघाली तर पाणी कुठून आलं ते बघितल्याशिवाय नवी बसवू नका. पावसाळ्यात वायपरखालच्या पन्हाळीची भोकं पानांनी बुजतात आणि पाणी हवेच्या वाटेने सरळ ब्लोअरवर पडतं. जाळी काढून हाताने साफ करायचं काम, पंधरा मिनिटांचं.

कपलर जळका असेल तर कापून टाका आणि नवा बसवा, वायर मूळ जाडीचीच. पिना दाबून पक्क्या, पिळून वर टेप नको.

आता जे कधीच करायचं नाही ते. थर्मल फ्यूजला तार टाकून रेझिस्टर ‘जिवंत’ करून देणारे आहेत. चालतोही छान. ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल झाफिरा बी या गाडीला हीटरमधून आगी लागल्या, २०१५मध्ये कंपनीने दोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, आणि तेव्हा दिलेलं कारण होतं या थर्मल फ्यूजची चुकीची दुरुस्ती. पुढच्या वर्षी त्याच गाड्या पुन्हा बोलावल्या आणि मोटरही बदलायला घेतली. म्हणजे मोटरकडे बघितल्याशिवाय भागत नाही हे एवढ्या मोठ्या कंपनीलाही दोन खेपांनी उमगलं, तर माझ्या डॉक्टरीणबाईंच्या तीन खेपा क्षम्य म्हणायच्या. फ्यूजच्या डब्यातला ३० अँपिअरचा फ्यूज उडतोय म्हणून ४०चा घालणं हेही त्याच जातीतलं.

तुमची गाडी ऑटो क्लायमेटची, म्हणजे तापमान स्वतः सांभाळणारी, नाही असं गृहीत धरलंय. तशी असेल तर रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, टप्पे नसतात, आणि वरची बल्बची चाचणी माहितगाराशिवाय करू नका.

गॅरेजवाल्याला खोटारडा म्हणणार नाही. पूर्ण युनिट बदललं की गाडी परत येत नाही, त्याच्या बाजूने तो हिशेब बरोबर आहे. पण ज्या मोटरला तीन स्क्रू काढून खाली घेता येतं तिच्यासाठी डॅशबोर्ड उतरवायचा, तर त्याने आधी कारण दाखवावं. रेझिस्टर काही शेकड्यांत येतो, मोटर हजारांत, आणि डॅशबोर्ड एकदा उतरला की पुढे खड्ड्यागणिक कुठून ना कुठून करकरतो ते वेगळंच.

तुमच्या जागी मी असतो तर आधी दोन्ही कपलर बघितले असते, मग मोटर खाली घेऊन हाताने फिरवली असती, मग बल्ब. माझा अंदाज मोटर, रेझिस्टर आणि एक कपलर असा आहे, तिन्ही एकाच बैठकीत बदलायचे, फिल्टरसकट. बसवून झालं की ब्लोअर १ वर पंधरा मिनिटं चालवा, मग ४ वर पंधरा मिनिटं, आणि मोटर व रेझिस्टर या दोन्हींच्या कपलरवर बोट ठेवा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर काम झालेलं नाही, गाडी तिथून हलवू नका. दुरुस्ती होईपर्यंत ४ वर चालतोय तेवढाच वापरा, आणि पहाटेचा पसरणी घाट या अवस्थेत चढू नका.

मोटरच्या पिनांवर ४ वर किती व्होल्ट येतात आणि कपलरच्या खिडक्यांचा रंग काय आहे, एवढं बघून कळवा. फोटो उजेडात, जवळून.